चौदाव्या मजल्याची हाक

लिफ्टमधली बाई सोमवारी सकाळी गेली, ही बातमी काळाचौकीच्या त्या बावीस मजली इमारतीत दुधाच्या पिशव्यांच्याही आधी घरोघर पोचली.

गेली म्हणजे बोलायची थांबली. चार वर्षं ती बाई नाकातून इंग्रजीत मजले सांगत होती आणि चार वर्षं इमारत तिची टिंगल करत होती. गप्प झाल्यावर मात्र तिच्यातले गुण एकेकाला आठवू लागले. "काय पण म्हणा, कधी कोणाक उलटून बोलली नाय," असं सहाव्या मजल्यावरचे कुशाबा म्हणाले. कुशाबांचं वय ऐंशी, त्यातली बत्तीस वर्षं गिरणीत गेलेली, त्यामुळे उलटून न बोलण्याची किंमत त्यांना ठाऊक होती.

इतरांचं बाईवाचून अडलं नाही. अडलं ते चौदाव्या मजल्यावरच्या मालनकाकूंचं. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खात आणली होती आणि मधे उरलं होतं ते नुसतं धुकं. लिफ्टमध्ये शिरणं त्यांना जमायचं. चौदाच्या बटणावर शेजारच्या नूपुरने खड्याची टिकली चिकटवली होती, ती बोटाला लागायची. कठीण होतं ते बाहेर पडणं. दुपारी लिफ्ट रिकामी असते आणि पोरं वाटेल त्या मजल्यावर बटण दाबून पळून जातात. दार उघडतं, समोर कोणी नसतं. हा मजला आपला की दुसऱ्याचा, हे सांगणारी एकच होती, आणि ती गेली.

मंगळवारी काकू भजनाहून परतताना दार उघडलं म्हणून उतरल्या. तो आठवा मजला निघाला. आठव्यावर रेफ्यूज, म्हणजे आग लागली तर लोकांनी जमायची मोकळी जागा. तिथे घर नाही, बेल नाही, फक्त कबुतरं. काकू तिथे सव्वा तास उभ्या होत्या. सापडल्या त्या कुशाबांना, कारण कुशाबा सुनेला चोरून विडी ओढायला तिथेच येतात. काकू सुखरूप घरी पोचल्या. कुशाबा मात्र सुनेच्या तावडीत सापडले.

काकूंचा मुलगा विनीत बदलापूरला चौथ्या मजल्यावर राहतो. त्याला हे सगळं फोनवर कळलं, आणि चार तोंडांतून कळल्यामुळे सव्वा तासाचे चार तास झालेले होते. तो म्हणाला, "आई, बस झालं. पुढचे दोन सोडून तिसऱ्या रविवारी येतो. माझ्यासमोर एकटी खाली जाऊन एकटी वर येऊन दाखव. जमलं तर राहा. नाही जमलं तर सामान बांधायचं आणि माझ्याबरोबर यायचं."

"येतंस तर ये," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवून पदराने बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. त्या चष्म्याने त्यांना काही दिसत नव्हतं, तरी त्या तो रोज पुसायच्या. पन्नास वर्षं त्या याच जागेवर राहत होत्या; आधी चाळीच्या दहा बाय बारात, मग त्याच चाळीवर उभ्या राहिलेल्या या टॉवरमध्ये. बदलापूरला त्यांची ओळख फक्त विनीतच्या घरातल्या तीन माणसांशी होती.

हे सगळं नूपुरसमोर झालं, आणि नूपुर म्हणाली, "मी बघते."

नूपुर तेवीस वर्षांची, भौतिकशास्त्रात एम. एस्सी. परळच्या एका प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं संगणकाला जोडून द्यायचं काम करते. ती 'साधारण' हा शब्द वापरत नाही. कोणी 'पाचेक मिनिटांत येतो' म्हणालं की तिला अस्वस्थ वाटतं. तिची आई रुपाली यांनी मुलीचे ते दोन शब्द स्वयंपाकघरातून ऐकले आणि त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "तू बघते म्हणालीस? मग आता सगळी बिल्डिंग बघणार."

पहिली पायरी सोसायटीचे सेक्रेटरी हितेंद्र परब. हे गृहस्थ नियमाने चालतात. नियम नसेल तर आधी तो करतात आणि मग चालतात. त्यांनी कंपनीला फोन लावून पाहिला होता. आवाजाचा डबा बनवणारी ती लहानशी कंपनी कधीच बंद पडली होती आणि तिच्या नंबरवर आता एक बाई केकच्या ऑर्डरी घेत होत्या.

"डबा उघडायचा तर बाधित सभासदाचा लेखी अर्ज पाहिजे," परब म्हणाले.

नूपुरने अर्ज लिहिला, काकूंनी चाचपून सही केली, आणि दोघी ऑफिसात गेल्या. परबांनी रजिस्टर उघडलं, बोट खालपर्यंत नेलं, परत वर आणलं.

"मालन नावाचा सभासद नाही आपल्याकडे."

"अरे, मी समोर उभी आसंय ना!" काकू म्हणाल्या.

"तुम्ही आहात काकू. रजिस्टरमध्ये नाही आहात."

"हितू, माझ्या मांडयेवर मुतललंस तू."

"ते रेकॉर्डवर नाही, काकू."

झालं होतं असं, की लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने काकूंचं नवं नाव लिहिलं होतं, सुनेत्रा. रेशनकार्डापासून शेअर सर्टिफिकेटपर्यंत सगळीकडे तेच चढलं. पण चाळीच्या नळावर पहिल्याच दिवशी माहेरच्या गावची एक बाई भेटली, तिने "गो मालन!" अशी हाक मारली, आणि तीच हाक पन्नास वर्षं टिकली. कागदावरच्या सुनेत्राबाईंना इमारतीत कोणी ओळखत नव्हतं. खुद्द काकूंनाही बँकेत पुकारा झाला की क्षणभर बाजूला बघावं लागायचं.

मग 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र आलं. त्यासाठी नूपुरची अर्ध्या दिवसाची रजा गेली, शिवडीपर्यंत दोन फेऱ्या झाल्या. टाइप करणाऱ्याने एका प्रतीत मालन उर्फ सुनेत्रा आणि दुसऱ्या प्रतीत सुनेत्रा उर्फ मालन लिहिलं. कुठलं उर्फ खरं, यावर परबांनी कमिटीचं मत घेतलं. एकोणीसपैकी चार दिवस असे गेले.

डबा उघडायचा मान ग्रेगरीअंकलचा. पस्तीस वर्षं लिफ्टांच्या दोरखंडांत काढलेला माणूस, मागच्याच गल्लीत राहणारा. इमारतीच्या लिफ्टची देखभाल त्यांच्याकडे. "हे बघ बेबी," ते म्हणाले, "ब्रेक, मोटर, दरवाजा, ते माझं डिपार्टमेंट. तिकडे बोट पण लावायचं नाय. हा काळा डबा वेगळा. हा फक्त आकडा दाखवतो न् बडबड करतो. डबा मेला तरी लिफ्ट चालते. माझ्या बेट्टीसारखी नाय, ती बडबड बंद झाली तर घर बंद."

डब्यातलं मेमरी कार्ड नूपुरने घरी आणून लॅपटॉपला लावलं, आणि आतली व्यवस्था बघून तिला बरं वाटलं. कुणीतरी नीट विचार केला होता. मुख्य प्रोग्राम स्वतः बोलत नव्हता. बोलायची कामं एका वेगळ्या फाइलमध्ये होती, लायब्ररी म्हणतात तिला. मुख्य प्रोग्राम सुरू झाल्यावर ती फाइल उघडायचा आणि आत नावाने हाक मारायचा: 'से फ्लोअर' आहे का कोणी? असलं तर त्याचा पत्ता मिळायचा. मग मजला आला की त्या पत्त्यावर जाऊन काम करून घ्यायचं. नसलं तर पत्त्याच्या जागी शून्य. आत कोण कुठे राहतं हे मुख्य प्रोग्रामला आधी माहीत असायची गरज नव्हती, नाव माहीत असलं की पुरे. जुन्या चाळीत हेच होतं. चौकात उभं राहून हाक मारली की कुठल्यातरी गॅलरीतून डोकं बाहेर यायचं. खोली नंबर फक्त पोस्टमनला लागायचा.

बिघाड असा, की वीज गेल्याच्या झटक्यात ती बोलकी फाइल अर्धी पुसली गेली होती. मुख्य प्रोग्राम ठणठणीत होता आणि रोज सकाळी रिकाम्या चाळीत उभं राहावं तसा हाका मारत होता. तेव्हा त्याच नावांची कामं असलेली नवी फाइल लिहायची, एवढाच प्रश्न होता. नावं मुख्य प्रोग्रामच्या पोटात साध्या अक्षरांत पडलेली होती. नूपुरने ती वहीत उतरून घेतली आणि आईला म्हणाली, "दोन संध्याकाळींचं काम."

आवाज कोणाचा, हा प्रश्न तिच्या वेळापत्रकात नव्हता. तो कुशाबांनी घातला.

"गो चेडवा, आवाज माझो घे," ते वहीपेन्सिल घेऊन आल्यासारखे येऊन बसले. "दशावतारात राजा करायचंय मी. माईक नाय, काय नाय. शेवटच्या माणसाक ऐकू जायचा."

"आजोबा, लिफ्ट सहा फूट बाय साडेचार फूट आहे."

"मग काय झाला? राजा ल्हान खोलीत बारीक बोलता काय?"

कुशाबांच्या सुनेचं म्हणणं पडलं की विडीची भरपाई म्हणून त्यांना हे काम द्यावं, तेवढे तास ते डोळ्यांसमोर राहतील. परबांनी ठराव केला. नूपुरच्या हॉलमध्ये, पंखा बंद करून, तेवीस वाक्यं रेकॉर्ड झाली. कुशाबा प्रत्येक मजल्याला दरबारात प्रवेश केल्यासारखे उभे राहून बोलत होते: "मजलाऽ पाचवाऽ!" सातव्याच्या वेळी रुपालीताईंच्या कुकरने शिट्टी दिली. नूपुरला ते वाक्य पुन्हा हवं होतं, पण राजा एकदा बोलला की परत बोलत नाही. तेव्हा सातव्या मजल्यावर शिट्टी राहिली.

गुरुवारी संध्याकाळी कार्ड डब्यात गेलं. लिफ्टपाशी वीस-पंचवीस माणसं जमली. कोणीतरी नारळ आणला होता. ग्रेगरीअंकलनी तो लिफ्टच्या उंबऱ्यावर फोडू दिला नाही, पाणी आत जातं म्हणून. लिफ्ट वर गेली, खाली आली. आकडा दिसला, आवाज नाही. राजा बोलला नाही.

"व्हॉल्यूम बघितलास?" "कार्ड उलटं घातलं असशील." "आमच्या टीव्हीचं पण असंच झालेलं, आम्ही टीव्हीच बदलला." चौथ्या मजल्यावरच्या सीमाताईंनी डब्याला दोन थपडा द्यायला सांगितल्या, त्यांचा मिक्सर तसाच चालू होतो. नूपुर सगळ्यांना "हो" म्हणाली. इतक्या लोकांना एकाच वेळी हो म्हणायची तिची ही पहिलीच वेळ होती, आणि त्यातलं एकही 'हो' खरं नव्हतं, हे तिला रात्री जेवताना टोचत राहिलं.

कारण मात्र तासाभरात सापडलं आणि ते तिला इतकं आवडलं की अपमान थोडा कमी झाला. तिने कामाला नाव दिलं होतं 'से फ्लोअर', मुख्य प्रोग्राम हाक मारत होता 'से फ्लोअर', आणि फाइलमध्ये प्रत्यक्षात नोंद झाली होती 'अंडरस्कोअर झेड नऊ से फ्लोअर आय आय'. तिने ज्या भाषेत लिहिलं होतं ती भाषा फाइल तयार करताना प्रत्येक नावाला पुढेमागे पदव्या जोडते: नावात अक्षरं किती, त्याला काय काय द्यावं लागतं, सगळं. साध्या बाळूचं पत्रिकेत छापताना 'चि. बाळकृष्ण, बी. कॉम., श्री. अमुक यांचे ज्येष्ठ चिरंजीव' व्हावं, तसं. एवढ्या थाटाचा माणूस 'बाळू' या हाकेला ओ देत नाही. निदान यंत्रात तरी नाही. उपाय एका छोट्या ओळीचा होता. ती ओळ लिहिली की भाषा पदव्या लावत नाही, नाव जसंच्या तसं ठेवते.

"म्हणजे काकूंचंच झालं की," आई म्हणाली. "नाव एक, नोंद दुसरी."

"नाही आई, काकूंची दोन वेगळी नावं आहेत. इथे नाव एकच, फक्त—"

"भात गार होतोय," आई म्हणाली.

शनिवारी सकाळी कार्ड पुन्हा गेलं, आणि या वेळी राजा बोलला. तळमजल्यावरून लिफ्ट निघाली, दुसऱ्यावर थांबली. "मजलाऽ पहिलाऽ!" नूपुरने वही उघडली. पाचव्यावर थांबली. "मजलाऽ पहिलाऽ!" अकराव्यावर पुन्हा पहिला. वरून खाली येताना प्रत्येक मजल्यावर "तळऽमजलाऽ!"

"चौदा मजले चढून पहिलोच?" कुशाबा लिफ्टमधून उतरताना म्हणाले. "गिरणीत आमची बढती अशीच व्हायची."

हा दोष नूपुरचा स्वतःचा होता आणि तो तिने वहीत स्वतःच्या नावावर लिहिला. मुख्य प्रोग्राम 'से फ्लोअर'ला दोन गोष्टी देत होता: आधी दिशा, मग मजला. तिने धरलं होतं आधी मजला, मग दिशा. वर जाताना दिशा एक, खाली येताना शून्य. म्हणून वर सगळे पहिले आणि खाली सगळे तळ. आणि यात तिला खरी भीतिदायक वाटली ती गोष्ट वेगळीच. नावाने हाक मारायच्या या पद्धतीत नाव जुळलं की पत्ता देऊन टाकतात. त्या पत्त्यावरचा माणूस आपल्याला हवं तेच करणार आहे का, हे कोणी विचारत नाही. 'मी ग्रेगरीकडचा' म्हटलं की वॉचमन ज्या भरवशाने आत सोडतो, त्याच भरवशाने.

ती दुरुस्तीला वर गेली, पण तेवढ्यात काकू मासळीबाजारातून आल्या. लिफ्ट बोलते हे त्यांनी ऐकलं होतं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं की ती खोटं बोलते. त्या बांगड्यांची पिशवी घेऊन आत शिरल्या, टिकली दाबली आणि चौदावा मजला पुकारला जायची वाट बघत उभ्या राहिल्या. पुकारला जात होता पहिला. मग तळ. मग पहिला. पाऊण तास काकू वरखाली करत होत्या. चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्याशी गप्पा मारल्या, प्रत्येकाने बांगड्यांचा भाव विचारला, "भायेर काय ऊन पडलाय गो" म्हटलं, आणि प्रत्येकाने गृहीत धरलं की काकू हौसेने फिरताहेत. चौदावा आलाय, असं सांगावं हे एकालाही सुचलं नाही. काकूंनीही विचारलं नाही. विनीत येईल त्या रविवारी कोण सांगणार होतं?

त्या पाऊण तासात बांगड्यांनी आपलं अस्तित्व लिफ्टभर जाणवून दिलं. दुपारी परबांची सूचना लागली: 'लिफ्टमधून ओली मासळी नेऊ नये.' ज्या इमारतीत ऐंशी टक्के घरं कोकणातली, तिथे ही सूचना अकरा मिनिटं टिकली. फाडली कोणी हे कळलं नाही, पण पहिली सही परबांच्या बायकोची असलेलं एक निषेधपत्र संध्याकाळी ऑफिसात पोचलं.

सोमवारपासून लिफ्ट खरं बोलू लागली. नूपुरने प्रत्येक मजल्यावर वर जाताना आणि खाली येताना ऐकलं, वहीत बरोबरच्या खुणा केल्या. तेवीस वाक्यं, दोन दिशा, सातव्याला शिट्टीसह. लोक मात्र अजून बिचकून सामानाच्या लिफ्टने जात होते. बोलक्या लिफ्टमध्ये बहुतेक वेळा नूपुर आणि काकू दोघीच असायच्या. गुरुवारी काकू एकट्या खाली गेल्या, एकट्या वर आल्या. "चौदाव्याक जरा जास्तच ओरडता कुशाबा," एवढीच त्यांची तक्रार होती. शनिवारी रात्री नूपुर अठरा दिवसांत पहिल्यांदा शांत झोपली.

रविवारी अकरा वाजता विनीत आला. चाळिशीचा, घामाघूम, हातात मोठी रिकामी बॅग. ती काकूंच्या हाताला लागली, तशा त्या दाराशी चपला चाचपू लागल्या.

अट साधी होती. काकूंनी एकटीने खाली जायचं आणि एकटीने वर यायचं. खाली त्या बिनचूक गेल्या. विनीत जिन्याने उतरला, कारण आईवर लक्ष ठेवणं आणि तिला एकटं सोडणं ही दोन्ही कामं त्याला एकाच वेळी करायची होती. आता वर यायचं होतं.

आणि खाली लिफ्टपाशी अख्खी इमारत उभी होती.

काकू एकट्या वर जाऊ शकतात, हे बघायला सगळ्यांना त्यांच्याबरोबर वर जायचं होतं. कुशाबांचा आवाज होता, ते मागे राहूच शकत नव्हते. परब निरीक्षक म्हणून आले, रजिस्टरसकट. सीमाताई, कारण काकूंना धीर हवा. ग्रेगरीअंकल, कारण लिफ्ट त्यांची. विनीत, कारण आई त्याची. नूपुर म्हणाली, "अहो, एकट्याने जायचंय त्यांना!" सीमाताई म्हणाल्या, "हो ना, एकटीच जातेय ती. आम्ही नुसते आहोत." दहा माणसांच्या लिफ्टमध्ये चौदा माणसं आणि एक रिकामी बॅग मावली.

घंटा वाजली. वजन जास्त झालं की वाजते ती. लिफ्ट हलेना. मग कोणी उतरायचं यावर चर्चा सुरू झाली, आणि त्याच क्षणी नूपुरच्या लक्षात आलं की वहीतल्या यादीत पाच नावं होती आणि तिने चारच लिहिली होती.

पाचवं नाव होतं 'से ओव्हरलोड'. ती तेव्हा म्हणाली होती, घंटा वाजतेच की, वर आणि बोलून काय सांगायचं? बाकीची नावं मुख्य प्रोग्राम सुरू होतानाच शोधायचा आणि नाही सापडलं तर गप्प बसायचा. हे पाचवं मात्र तो गरज पडली तेव्हाच शोधायचा, आणि मिळालेला पत्ता न बघताच तिथे जायचा. आज गरज पडली. पत्ता मिळाला शून्य. प्रोग्राम शून्य नंबरच्या घरी गेला आणि तिथेच कोसळला. डब्यावरचा आकडा विझला.

"दीड मिनिट," नूपुर पुटपुटली. डबा आपोआप पुन्हा सुरू व्हायला तेवढा वेळ लागत होता. पण कुणी ऐकत नव्हतं. चार जण रागावून उतरले, घंटा थांबली, दार मिटलं आणि लिफ्ट निघाली. मुकी, आंधळी.

"बोलत का नाही?" विनीतने विचारलं.

"बोलेल," नूपुर म्हणाली. तिच्या आयुष्यातलं हे सर्वांत मोघम उत्तर होतं.

राजा गप्प बसला म्हटल्यावर प्रजा बोलू लागली. लिफ्ट एका ठिकाणी थांबली. "पाचवा," परब म्हणाले. "सहावो, माझोच मजलो माका कळत नाय?" कुशाबा म्हणाले, पण उतरले नाहीत. भिंतीवर बघावं तर रंगकामात पुसलेले मजल्यांचे आकडे अजून लिहिलेले नव्हते; कोटेशन कमिटीत अडकलं होतं. पुन्हा थांबली. "दहावा." "बारावा, शू-रॅक बघा की." तिसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा विनीत वैतागला होता. "आला. हाच चौदावा. आई, चल. बघितलंस ना, काही बोलत नाही ते." तो बॅग घेऊन तरातरा बाहेर पडला. माणूस इतक्या खात्रीने उतरला की मागचे आपोआप उतरतात. परब उतरले, सीमाताई उतरल्या, ग्रेगरीअंकल, कुशाबा, सगळे. नूपुरसुद्धा उतरली, आणि हे तिने पुढे कोणालाही सांगितलं नाही.

काकू आतच राहिल्या.

"काकू, चला!" सीमाताई ओरडल्या.

"राजा बोललो खंय अजून?" काकू म्हणाल्या, आणि दार मिटलं.

सगळे दाराकडे बघत उभे राहिले. विनीतने आईच्या घराची बेल समजून समोरची बेल दाबली. एका अनोळखी गृहस्थांनी लुंगी सावरत दार उघडलं, आणि हा अकरावा मजला आहे हे कळलं. इतक्यात वरून, लिफ्टच्या पोकळीतून, दोन-तीन मजले ओलांडून, पडदा फाडून यावा तसा आवाज आला: "मजलाऽ चौदावाऽ!"

कुशाबांची मान ताठ झाली. नूपुरने घड्याळात पाहिलं. दीड मिनिटावर चार सेकंद.

विनीतचा फोन वाजला.

"खंय आसस रे?" काकूंचा आवाज.

"आई, तू कुठे आहेस?"

"घरात. दुधाक उकळी येता. तू खंय?"

विनीतने आजूबाजूला पाहिलं. अकराव्या मजल्यावर नऊ माणसं उभी होती, सगळ्यांची नजर शाबूत. "येतो," तो म्हणाला.

लिफ्ट वर होती, खाली येईपर्यंत थांबायची लाज वाटली, म्हणून तो तीन मजले जिन्याने चढला. मागून बाकीचे. काकूंनी दार उघडं ठेवलं होतं. विनीत धापा टाकत खुर्चीत बसला, बॅग पायाशी. काकूंनी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि तो पिऊन होईपर्यंत थांबल्या.

"तुमच्याकडची लिफ्ट कधी बसतली रे?" त्यांनी विचारलं. "चौथ्या मजल्याक."

विनीत तांब्याकडे बघत म्हणाला, "सोसायटीत चर्चा चालू आहे."

"किती वर्सां?"

"सहा."

"बसांदे," काकू म्हणाल्या. "बसली, आणि बोलूक लागली, की ये माका न्यूक."